शुक्रवारचं मैदान

सोम. १ फेब्रु. ८८
फुटबॉल लीगचं वेळापत्रक एकदाचं आलं. चार सामने, त्यातला एकच आपल्या कॉलेजच्या मैदानावर. शुक्र. १२, सकाळी आठ, कल्याणच्या कॉलेजशी. शुक्रवार मी हट्टाने मागून घेतलाय. त्या दिवशी कापडाचे लूम बंद, म्हणजे अख्खा निजामपुरा मोहल्ला मोकळा, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी खेळ आटोपतो. दोन रुपये तिकीट लावलं तरी माणसं येतील. बुटांची सोय होईल. कप्तान रफीकच्या वडिलांना निरोप धाडला. पोरगा तीन वर्षं खेळतोय, बापाने एकदाही पाहिलेला नाही. कायम ड्युटी.

बुध. ३
रफीकचे वडील रस्त्यात भेटले. लूमच्या खडखडाटात कान गेलेत, ओरडूनच बोलावं लागतं. म्हणाले, "मास्टर, जुम्मे को आऊँगा. देखूँ तो सही, इतने बूट किसलिए फाड़ता है." चहा त्यांनीच पाजला.

शुक्र. ५
डोकं फिरलंय. प्राचार्यांनी १२ तारखेला मैदान लग्नाला दिलं. पावतीसुद्धा फाडली. मांडववाले सकाळी सहाला येणार. शुक्रवारच का, विचारलं. म्हणे लूम बंद असतात, वऱ्हाडी मोकळे! माझंच कारण मला ऐकवलं. सामना कल्याणला, त्यांच्या मैदानावर अकराला घ्या, त्यांना तुम्हीच कळवा. म्हणजे तिकिटाचे पैसेही त्यांचे. वर हे: "एका लग्नात जिमखान्याला मिळतं, तेवढं तुमचे अकरा जण वर्षभर लाथा मारून मिळवतील का?"
जिमखान्याला! मागच्या लग्नाच्या पैशात यांच्या केबिनला पडदे लागले. आमच्या गोलला जाळी नाही.

शनि. ६
खरं काय ते लिहायला हवं. मैदान भाड्याने द्यायची अक्कल माझीच. ८५ साली चेंडूला पैसे नव्हते. मीच अर्ज केला, मैदान लग्नाला द्या, उत्पन्न खेळाला. सहा चेंडू आले, माझी पाठ थोपटली गेली. आता त्यांना चटक लागली. सामन्याचा दिवस सोडून, एवढं एक वाक्य मी अर्जात घातलं नाही. गाढव.
मांडवाच्या खांबांचे खड्डे अजून गोलसमोर तसेच. डिसेंबरात त्यातच रफीकचा घोटा मुरगळला.

मंगळ. ९
पोरांना सांगितलं. रफीक एवढंच म्हणाला, "सर, अब्बा कल्याणला नाही येणार. नमाजच्या आत परत कसे येतील?" मग खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी बांधलेलीच होती.
कल्याणच्या सरांना फोन करायचा होता. केला नाही. म्हणजे ते इथेच येणार.

गुरु. ११
संध्याकाळी पोरांनी आपणहून खड्डे बुजवले, वर पाणी मारून माती चोपली. तेवढ्यात शिपाई धर्मा मैदानाच्या फाटकाची चावी मागायला आला. सापडत नाही म्हटलं. तो माझ्या खिशाकडे बघत होता. "न्हाय सापडत, आसंच सांगतो सायबांना," म्हणाला आणि गेला. दिघाशी गावचा माणूस, खोटं बोलायची सवय नाही. मलाही नाही.
नोकरी गेली तर? घरात चार तोंडं. लग्नघरच्यांचा तरी काय दोष? तरी राग काही उतरत नाही. प्राचार्यांचा, आणि...

शुक्र. १२, पावणेसात
फाटकाबाहेर दगडावर बसून लिहितोय. बांबूंचा टेम्पो उभा आहे. मांडववाल्याने तीनदा चावी मागितली. कल्याणची पोरं पोहोचली, आमच्या पोरांच्या शेजारीच कपडे बदलतायत. रफीकचे वडील सहालाच आलेत, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून. तिकीट कुठे मिळतं विचारत होते, हातात दोन रुपये. राहू द्या म्हटलं, ऐकेनात. पहिलं तिकीट फाडून दिलं.
वळणावर प्राचार्यांची स्कूटर. चावी खिशातून काढली. आधी पोरं आत जातील.