तन्वीची पिलं

आमोणे, डिचोली
२० मार्च २०२५

चि. गोकुळदास यास कृष्णनाथदादाचे आशीर्वाद.

इकडे तुझ्या वहिनीचा गुडघा सोडल्यास कुणी कुरकुरत नाही. मोबाइलवर लिहिलं की तू दोन निळ्या खुणा पाठवून ध्यानस्थ बसतोस, म्हणून पोस्टाचा मार्ग.

तन्वीची पिलं अडीच महिन्यांची झाली. तुझी चंद्रावतीवहिनी म्हणाली, "ही पोदेराच्या भट्टीतल्या पावांसारखी कशी फुगलीत?" मी तिला कारवानी कुळाचं पुराण पुन्हा ऐकवलं. उंटांच्या काफिल्यांबरोबर हे कुत्रे आले म्हणतात, म्हणून कारवानी. वासावर नव्हे, नजरेवर धावतात. लांब तोंड, खोल छाती, आणि कंबर अशी की काव्यांतल्या नायिकांनी हेवा करावा. शिकार कायद्याने बंद झाली, तरी परसात मुंगूस दिसलं की तन्वी अजून बाणासारखी सुटते. परक्याने कुरवाळलेलं या कुळाला खपत नाही, असं मी सांगत असताना एक पिलू पोस्टमनच्या पायांशी उताणं पडून पोट खाजवून घेत होतं.

तरी मला संशय आला नाही. संस्कृत शिकवणाऱ्याला नियमांपेक्षा अपवाद जास्त पाठ असतात.

आपली रीत तुला ठाऊक आहे. नरवाला पैसे घेत नाही. पिलांचं दूध सुटल्यावर मादीवाल्याने नारळ आणि सगळ्यांत उजवं पिलू घेऊन त्याच्या दारी जायचं. रविवारी मी बांद्याला बाबलीच्या दारी गेलो. बाबलीने पिलाचे कान चाचपले आणि त्याला खाली ठेवलं.

"मास्तरानू, ह्यां आमच्या राजाचां नाय. दिवाळीनंतर पंधरा दिस वाट बघलंय. कोणच इलो नाय."

राजा कुठे, असं विचारलं.

"म्हयनो झालो, गेलो."

दिवाळीनंतर तन्वीला राजाकडे न्यायचं तू कबूल केलं होतंस, आणि नंतरचा तुझा फोन मला तोंडपाठ आहे. "दादा, काम जालें. बांद्याक दोन दीस रावलों. राजा कितलो देखणो." राजा नाचणीची भाकरी खातो, हेही तू सांगितलंस. एवढ्या तपशिलाची गरज नव्हती, गोकुळदास. 'गेस्ट हाऊसमध्ये गर्दी आहे, जमत नाही' म्हणाला असतास, तर मी रिक्षा करून तिला नेलं असतं. तू तिला केरीलाच, तुझ्या गेस्ट हाऊसवर ठेवलंस, पाहुण्यांच्या त्या लाडक्या सोनेरी ब्रुनोपाशी.

डॉक्टर म्हणतात, तन्वीला यापुढे पिलं नकोत. दुसरा खरा नर मला माहीत नाही. आप्पांनी जतहून आणलेलं कुळ चाळीस वर्षांनी तुझ्या अंगणात संपलं.

आता दोन पानं टाळलेली गोष्ट. मी बाबलीला म्हणालो, चूक माझी, मीच भावाला भलता महिना सांगितला. त्याने मान हलवली, चहा दिला. तो मी प्यालो.

पिलांचा दोष नाही, ती इथेच राहतील. माझी समजूत काढायला येऊ नकोस. बांद्याला जा, बाबलीच्या ओट्यावर बस, आणि कोण आलं नाही ते स्वतःच्या तोंडाने सांग. मग तो मला फोन करील. तोवर तुझा मी उचलणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुझ्यासाठी खोटं बोललेला,
कृष्णनाथ