पंचाचा रंग जुळवल्याची हकिगत

चि. मेहुणेबुवांस तुझ्या मास्तर भावोजींचे उदंड आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? हॉटेलात दिवसभर पेल्यांचे ट्रे उचलतोस, तर निदान घरी आल्यावर तरी आडवा होत जा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. सर्दी तेवढी माझ्या नाकात मुक्कामाला आली आहे, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्यात तिचा हात आहे म्हणून मुद्दाम कळवतो. हे पत्र सकाळपासून लिहितोय. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीशी जातो, फ्रिज उघडतो, आत काय हवं होतं ते न आठवून बंद करतो. तुझी ताई विचारते, पायाला भिंगरी लागली आहे का. काय सांगू?

तर लेकीच्या नव्या घरातली पार्टी. जावयाने मोठ्या विश्वासाने मला सांगितलं, बाबा, पार्टीचं पेय, तो फळांच्या रसाचा पंच, तुम्हीच करा, तुम्हाला मिसळण्याचा जन्माचा अनुभव आहे. (अनुभव कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या रंगमास्तरकीचा आहे, आणि तिथे मी मिसळलेलं कोणी पीत नसे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.) काचेचे दोन जग भरायचे: एक तरुण मंडळींसाठी, रम घातलेला, दुसरा तुझी ताई, विहीणबाई आणि व्याही ह्यांच्यासाठी, साधा. तू फोनवर सांगितलंस तसंच सगळं केलं. संत्र्याचा रस, आल्याचा पाक, लवंगा, फळांच्या फोडी, सोडा अगदी शेवटी. एकात रम ओतली. आणि मागे सरून बघतो तर काय, रमवाला जग झकास तांबूस आणि साधा बिचारा आजाऱ्यासारखा फिका!

आता तूच सांग, एका ऑर्डरचे दोन लॉट आणि छटा वेगळ्या? कारखान्यात असा माल मी दाराबाहेर जाऊ दिला नसता. मी चहा उकळला. गार करून साध्या जगात चमचा चमचा सोडला, वर डाळिंबाचा रस. पांढऱ्या रुमालाच्या पट्ट्या कापून दोन्हींत बुडवल्या, खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. पुन्हा चहा, पुन्हा पट्टी. शेवटी अशी जुळली म्हणतोस, माझा जुना साहेब असता तर पाठीवर थाप मारली असती. त्या आनंदात हात धुऊन वळलो, तोवर लेक दोन्ही जग उचलून बाहेरच्या टेबलावर मांडून मोकळी झाली होती.

कुठला कुठला, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही. वास घ्यावा तर नाक बंद. चव घ्यावी तर लग्नाआधी तुझ्या ताईने घातलेली अट तुला ठाऊकच आहे, थेंबही तोंडाला लावायचा नाही. जावई बर्फ आणायला गेलेला. तेवढ्यात तुझी ताई आली नि म्हणाली, "अहो, आमचा कुठला?" मी, बाबा रे, कारखान्यातल्या ऐटीत डावीकडे बोट दाखवलं.

पुढचं उभ्या उभ्या बघितलं, कारण बसवेना. तरुण मंडळी रजा आणि घराचे हप्ते ह्यांवर गंभीरपणे बोलत होती. (एक पोरगा मात्र तेच पिऊन जिन्यात गाऊ लागला, त्याचं श्रेय मी घेत नाही.) आणि वडीलधाऱ्यांकडे हास्याचे फवारे! व्याही खुर्चीतच गाढ झोपले. तुझी ताई आणि विहीणबाई, ज्या लग्नापासून एकमेकींशी फक्त "तुमच्याकडे" आणि "आमच्याकडे" एवढंच बोलतात, त्या चपला काढून स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसल्या. तुझ्या ताईने कबूल केलं की विहीणबाईंनी विणलेला स्वेटर आम्ही पाण्याच्या पंपावर घालतो, थंडीत तो कुरकुरतो म्हणून. मी डोळे मिटले. तर विहीणबाई खो खो हसत म्हणतात, "अगं, मग तुमच्या मास्तरांनी रंगवलेले पडदे आम्ही स्कूटरवर टाकतो!" (ते पडदे. तीन वेळा रंगवले होते रे मी.)

सगळे पांगल्यावर जावई हळूच म्हणाला, बाबा, आमच्या जगात काही घालायला विसरलात का?

तेव्हापासून जिवाला चैन नाही. विहीणबाईंचा फोन नाही. तुझी ताई स्वतःलाच दोष देते आहे, आपण पाहुण्या बाईला शुद्धीत असून असं कसं बोललो म्हणून. लेक दोन्हीकडून कात्रीत. खरं सांगावं तर ताई म्हणेल, मी तुम्हाला थेंब घेऊ दिला नाही म्हणून उट्टं काढलंत. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती फरशीवरची मैत्री रमची होती, त्या दोघींची नव्हतीच, असं तिला वाटेल. फार दिवसांनी ती तशी हसली होती रे.

तुझा,
मास्तर भावोजी

ता. क. खरं काम हे. तू हॉटेलातला माणूस, तुझा शब्द ताई मानते. तिला फोन करून सांग की आल्याचा पाक उन्हाळ्यात आपोआप चढतो. खोटं आहे हे मलाही कळतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. तासभर झाला, आतून नुसतं "अगं, अगं" ऐकू येतं आहे. रविवारी त्या येताहेत, व्याह्यांना घरी ठेवून. आत्ता तुझी ताई दारात येऊन म्हणाली, "भावाला लिहिताय ना? मग विचारून घ्या, परवाच्या डाव्या जगात काय काय होतं. रविवारी तोच करा. उजव्यातला मी तुम्हाला विचारायच्या आधीच घोटभर घेऊन पाहिला होता, अगदीच मिळमिळीत!"

तेव्हा पहिला ता. क. रद्द. मापं मात्र ताबडतोब कळव, मला फक्त रंग आठवतो. सोबत रुमालाची पट्टी जोडली आहे. छटा हुबेहूब हीच हवी.