त्या घरचं पाणी

अण्णा,

तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतंत, की सुट्टीत कुठे जायचं हे ठरवायला घरात मतदान कशाला लागतं. हल्ली लागतं. तुमच्या जावयाने आमच्या घरच्या ग्रुपवर प्रश्न टाकला, 'बीच की सिटी?' आम्ही चौघंही तेव्हा वर्तकनगरच्या आमच्या हॉलमध्ये एकाच सोफ्यावर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लावून, आणि माना खाली घालून मतं देत होतो. धाकटीकडे फोन नाही, म्हणून तिने माझा ओढून घेतला आणि माझं मत तिनेच देऊन टाकलं. थोरल्याने मत न देता विचारलं, "पूल आहे का?" त्याचे बाबा म्हणाले, "अरे, समोर अख्खा समुद्र आहे!" तर म्हणतो, "हां, पण पूल?" आम्ही दोघं नोकऱ्या सांभाळून, रजा जुळवून, जगाचा नकाशा पुढ्यात पसरून बसतो आणि पोरांना हवं असतं निळ्या फरशीचं एक डबकं. ते इथे सोसायटीतही आहे. त्यात कोणी उतरत नाही.

मला आता दोन्ही पक्षांचा वीट आलाय. सिटीवाल्या माझ्या नणंदबाई. मागच्या वर्षी मुलांना घेऊन परदेशातलं एक मोठं शहर पाहून आल्या आणि आम्हाला बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. सरकता जिना, त्यावर मुलं. दुसरा सरकता जिना, त्यावर मुलं आणि हातात फ्रेंच फ्राइज. मी विचारलं, "हे आपल्या घोडबंदर रोडच्या मॉलमधलं आहे का?" तर महिनाभर अबोला. आणि बीचवाले म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब. दर मे महिन्यात 'रिलॅक्स' व्हायला जातात. तिथे दिवसभर खुर्चीत, समुद्राकडे पाठ करून, फोन सावलीत धरून बसतात, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही. परत आल्यावर सांगतात, "मुलांना नेचर कळलं." त्या मुलाने समुद्राला घाबरून तीन दिवस खोलीत कार्टून पाहिलं, हे त्याच मुलाने मला लिफ्टमध्ये सांगितलंय.

तुम्ही हसत असाल. हसू नका. तुमच्या सहलींवर बोलायचं तर हा कागद पुरणार नाही.

मे महिना लागला की मोहन्यातली आपली कारखान्याची वसाहत रिकामी व्हायची. प्रत्येक घराच्या कडीला कुलूप, तुळशीला पाणी घालायचं काम आपल्याकडे, आणि सगळी पोरं गावाला. कोकणातली कोकणात, देशावरची देशावर. आपलंही गाव होतं, तेही अगदी समुद्राच्या काठी. पण तुम्ही आम्हाला शहरं दाखवायचात. हैदराबाद, म्हैसूर, जयपूर, जिथे जिथे तुमच्या एखाद्या सहकाऱ्याचा मेहुणा राहत असेल ते ते शहर. मी चौथीत आहे, टाचेला फोड आलाय, आणि तुम्ही हात मागे बांधून वस्तुसंग्रहालयात पुढे पुढे चाललाय. "बघून घ्या, पुन्हा येणं होणार नाही." ते एक वाक्य सगळ्या शहरांना चालायचं. आई मागे पायरीवर बसलेली, चपला काढून, तळवे थंड फरशीला टेकवून. रात्री जेवताना तुम्ही विचारायचात, "तोफेचं नाव काय होतं? कोणत्या राजाची पालखी?" उत्तर चुकलं की म्हणायचात, "म्हणजे तू नुसती चाललीस." अण्णा, मी नुसती चाललेच होते. त्या तोफांचं मला अजून काही देणंघेणं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गात पोरं एकमेकांची बोटं तपासायची. काजूगर सोलून सोलून त्या चिकाने ज्याच्या बोटांची सालं निघालेली तो खरा कोकणी. शेवटच्या बाकावरची मुलगी तर सालं ओढून कंपासपेटीत ठेवायची, दाखवायला. माझी बोटं गुळगुळीत. मी त्यांना म्हैसूरच्या राजवाड्यात किती दिवे लागतात ते सांगायला गेले, तर एकजण म्हणाला, "ए, तुला गाव नाय ना? गाव नसलेलीच लोकं शहरात फिरतात." त्याची अक्कल तेवढीच होती, पण मी बोटं मुठीत लपवली.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं. आई विळीवर नारळ खोवत होती. तुम्ही सेकंड शिफ्टला जायच्या घाईत, ओट्याला टेकून बशीतून चहा पीत होतात. मी म्हटलं, "अण्णा, आपल्या गावाला समुद्र आहे ना? मग आपण का नाही जात?" तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "आमच्या गावात माणसं सकाळी समुद्रावर तांब्या घेऊन जातात. तुला देऊ तांब्या?" मी लाजेने लाल झाले. विळीचा आवाज थांबला होता. तुम्ही डबा उचलून निघून गेलात आणि आई मला म्हणाली, "पुन्हा विचारू नकोस हं." मी नाही विचारलं. कित्येक वर्षं समुद्राचं चित्र पाहिलं की मला आधी तांब्या दिसायचा. चौथीतल्या पोरीला द्यायचं उत्तर होतं का ते? इतका कडू माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

मला वाटायचं, जमिनीचा वाद असेल. वसाहतीत ज्यांचं ज्यांचं गाव तुटलं होतं त्यांचं जमिनीवरूनच तुटलं होतं, आणि त्याला निदान काही एक प्रतिष्ठा होती. खरं कारण कळलं ते तुमच्या तेराव्याला. वसाहतीच्या हॉलमध्ये पानं मांडत होते आणि आई भिंतीशी बसून ती पानं बघत होती. एकदम म्हणाली, "यांचं पान नव्हतं मांडलं." मला वाटलं, तिचं चित्त थाऱ्यावर नाही. मग हळूहळू तिने सांगितलं. आजोबांच्या तेराव्याला तुमची एसटी वाटेत बंद पडली. तुम्ही पोचलात तेव्हा भावकीची पंगत बसली होती. ओळीत तुमचं पान नव्हतं. थोरल्या काकांनी वाढता वाढता मान वर करून म्हटलं, "तू येशील असं वाटलं नाही. दुसऱ्या पंगतीला बस." आणि तुम्ही उंबऱ्यातच उभं राहून, सगळ्या भावकीसमोर म्हणालात, "या घरचं पाणी मी पिणार नाही, आणि माझी पोरंही पिणार नाहीत." पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्यात. आल्या पावली उलटे फिरलात.

एवढंच. केळीचं एक पान! परसात हवी तेवढी होती, कोणीही कापून आणून मांडलं असतं. तुम्ही थांबलात नाहीत आणि काकांनी हाक मारली नाही. दोघंही एकाच बापाची पोरं, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. काका गेल्याची तार आली तेव्हा तुम्ही डोक्यावरून अंघोळ केलीत, डोकं पुसलंत आणि सेकंड शिफ्टला गेलात. मी तेव्हा दहावीत होते, मला वाटलं खूप उकडतंय म्हणून दुपारी अंघोळ केली असेल. आणि या पिळापायी मी म्हैसूर-हैदराबाद करत वणवण फिरले. तुम्हाला शहरं आवडतच नव्हती, अण्णा. तुम्हाला मे महिन्यात फक्त दुसरीकडे कुठेतरी असायचं होतं.

तर यंदा बीच जिंकला, दोन विरुद्ध एक, त्यातलं एक मत माझ्या फोनवरून धाकटीचं. जावई तुमचे उत्साहाने जागा शोधायला लागले आणि माझ्यासमोर फोन धरला. "बघ काय भारी होमस्टे आहे! डायरेक्ट समुद्राला लागून." वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या, आपल्या हक्काच्या गावी!' खाली गावाचं नाव, आपलं. मालकाचं आडनाव, आपलं. आणि मालक स्वतः अंगणात कमरेवर हात ठेवून उभा, चेहऱ्याच्या मधोमध तुमचं नाक. मी म्हटलं, "हे नको." का, ते सांगावं लागलं. हा देशावरचा माणूस, ऐकून सोफ्यावर लोळून हसला. "पानावरून? अगं, आमच्याकडे भावकीत सकाळी कुऱ्हाडी निघतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. हे काय तुमचं कोकणी नाजूक!" त्याने हसायला नको होतं. पण सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं, की हे हसण्यासारखंच आहे. मग धाकटीने विचारलं, "मम्मा, म्हणजे मीपण नाही प्यायचं का ते पाणी?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि ओट्याला टेकलेले तुम्ही मला दिसलात. तुमचा पीळ या पोरीच्या गळ्यात घालायचा का, एवढंच मला ठरवायचं होतं. घालायचा नाही, असं मी ठरवलं. माझं काय ते मात्र ठरलं नव्हतं.

गेलो. पुतण्या तुमचा पन्नाशीचा आहे, पण अंगात टीशर्ट, त्यावर 'सी यू ॲट सी' असलं काहीतरी लिहिलेलं. झाडांना झोपाळे बांधलेत, माडांना रंग दिलाय, ओटीवर होडीचं सुकाणू टांगलंय. आपल्या घरात आयुष्यात कोणी होडी वल्हवली नसावी. मी ओळख दिली नव्हती. पण सामान उतरवताना तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू काकांचा चेडू मां? नाकच सांगता गो." काकांची मुलगी म्हणून ओळखलं, पुढे काही नाही. रडारड नाही, जुनं काढणं नाही. लगेच माझ्या नवऱ्याकडे वळून, "सर, चेक-इन करून घेऊया?" हक्काचं गाव!

आणि जेवायला गेलो, अण्णा, तर माझंच मला हसू आवरेना. ज्या माजघरात तुमचं पान मांडलं नाही तिथे आता लांब टेबल आहे, त्यावर स्टीलची भांडी, ती गरम ठेवायला खाली मेणबत्त्या. मी पाट-पानांच्या जागा डोळ्यांनी शोधत उभी होते, तर तो म्हणाला, "ताई, प्लेट तिकडे आहेत. सेल्फ सर्व्हिस. आम्ही कोणाचं पान मांडत नाय आता." अहो, कोणाचंच मांडत नाहीत! ज्या पानासाठी तुम्ही आयुष्यभर ताठ राहिलात ते पानच गेलं. आणि पाणी? प्रत्येक खोलीत सीलबंद बाटल्या, कुठल्या तरी कारखान्यातून आलेल्या. मला वाटलं, सुटले. त्या घरात राहायचं, खायचं आणि पाणी मात्र बाहेरचं, म्हणजे तुमची शपथ शाबूत. अशी पळवाट तुम्हाला स्वप्नातही सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी थोरला पूल नाही म्हणून कुरकुरत बाबांबरोबर समुद्रावर गेला. धाकटी मागे राहिली, पुतण्याच्या बायकोबरोबर, म्हणजे वहिनीबरोबर, परसात काजूगर सोलायला. मी पाहायला गेले तर ती विहिरीपाशी हात पुढे करून उभी होती. वहिनीने तिच्या बोटांना खोबरेल लावलं, चीक पुसला, आणि मग तांब्या पुढे केला. तांब्याच. पोरगी मान वर करून घटाघटा प्यायली, निम्मं फ्रॉकवर. मग वहिनीने तोच तांब्या भरून माझ्यासमोर धरला. "घे गो," एवढंच म्हणाली.

परत येऊन आठवडा झाला. थोरला सगळ्यांना सांगतोय की बीच बोअर होता, पुढच्या वर्षी सिटी. जावई तुमचे काळे पडलेत आणि त्याचं त्यांना कौतुक आहे. धाकटीच्या बोटांची सालं निघतायत. शाळा उघडायला अवकाश आहे, तोवर टिकतील की नाही याची तिला काळजी. निघताना पुतण्याने आमसुलांची मोठी पिशवी दिली, मी ती बरणीत भरली. आमसुलांना पाणी सुटतं, ओटा डागाळतो, तर हा कागद त्या बरणीखाली घालणार आहे. तुम्हाला पाठवायचा तरी कुठे, आणि तुम्ही वाचून पुन्हा एखादा तांब्या काढणार.

मी प्यायले, अण्णा. तहान लागली म्हणून नाही. समुद्राकाठची विहीर, पाणी खारट असणार, अशी माझी आशा होती. खारट असतं ना, तर आपलं काही हुकलं नाही म्हणून मी तुम्हाला म्हैसूर, हैदराबाद, सगळं माफ करणार होते. पण ते गोड निघालं.