ज्ञानम्मांची निळी खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ

माझी बदली करा, असा अर्ज चर्चच्या मंडळीनं बिशपांकडे दिलाय. पहिली सही ज्ञानम्मांची. इथं पाळकाला अय्या म्हणतात. नऊ वर्षं हा अय्या ह्या बाईंच्या घरी प्रार्थनेला जातोय. नवरा आजारी होता तेव्हा रोज गेलो. शेवटी त्याचे डोळेही मीच मिटले.

आज विचारायला गेलो. एरवी मला पाहिलं की निळी प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसून पुढं ठेवतात. आज दारातच उभ्या राहिल्या. खुर्ची आत भिंतीला लावलेली दिसत होती.

"अम्मा, माझं काय चुकलं?"

"अय्या, ह्यांच्या शेजारची जागा माझी होती. तिथं तुम्ही बसस्टँडवरच्या त्या म्हाताऱ्याला पुरलंत."

बेवारस होता बिचारा, गळ्यात क्रूस होता. दफनभूमीत तेवढीच जागा रिकामी दिसली, दिली. चांगलंच केलं असं वाटत होतं.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. ह्यांना पुरलं त्याच दिवशी, तिथंच. तुम्ही मान हलवलीत."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. अशी मान आणखी किती जणांपुढं हलवली असेन?

घरी येऊन रागानंच लिहायला बसलो. आईच्या मराठीत, म्हणजे इथं दक्षिणेत कुणी वाचणार नाही. आता राग कुणावर काढू? सारखी ती खुर्चीच दिसतेय. घरात एकच होती. नऊ वर्षं तिच्यावर मी बसलो. ज्ञानम्मा खाली जमिनीवर बसायच्या, आणि बोलायचो मीच.