अकरा तारखेचा अहवाल

४ मार्च
येथील वृत्तपत्राने लिहिले आहे की एकोणीस वर्षांपूर्वी पाणीपुरवठा केंद्राच्या हौदात 'दोन सख्ख्या भावांचे मृतदेह रात्री सापडले'. हे साफ चूक आहे. एक मुलगी होती, वय सोळा. एक मुलगा, वय पंधरा. दोघे एका वर्गात होते, एका घरातले नव्हते. मृतदेह सापडले ते १२ ऑक्टोबरला, सकाळी सात वाजता. दीड ओळीत तीन चुका! असल्या लोकांना नीट करण्यासाठीच मला या गावी बोलावले असावे, अशा समजुतीने मी आज मोठ्या आनंदात येथे उतरलो.

चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. आता रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात या प्रकरणाची जीर्ण कागदपत्रे वाचून त्यांची स्वच्छ प्रत करायची आहे. १४ मार्चला नवी चौकशी सुरू होईल, तीत माझी प्रत वाचली जाईल. वाद जुनाच आहे. येथील डॉक्टरांच्या पहिल्या शवविच्छेदनानुसार दोघे अपघाताने बुडाले. महिन्याने बाहेरच्या डॉक्टरांनी दुसरे केले. त्यांना फुप्फुसांत पाण्याचा थेंबही आढळला नाही, मानेमागे मात्र घाव आढळला. कोण खरे, हे आजवर ठरलेले नाही.

राहण्याची सोय रुग्णालयाच्या अधीक्षकांनी आपल्या सासऱ्यांच्या घरी, वरच्या खोलीत केली आहे. सासरे म्हणजेच पहिला अहवाल लिहिणारे डॉक्टर. निवृत्त आहेत, अत्यंत सुसंस्कृत आहेत आणि त्यांच्या अहवालात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. असा मनुष्य खोटे लिहील, हे मला पटत नाही.

६ मार्च
पहिल्या अहवालाची प्रत पूर्ण झाली. त्यात एकच हस्तदोष आढळला. शेवटी तारीख '११ ऑक्टोबर, दुपारी ३' अशी आहे. मृतदेह सापडले बाराला. तेव्हा अकराला त्यांचे विच्छेदन होणे अशक्य. मी प्रतीत '१२' केले आणि खाली 'मुळाबरहुकूम' असे लिहून सही ठोकली. तेथला लिपिक म्हणाला की काका, मेलेल्यांना कसली आली तारीख, त्यांना तर रोज सुट्टीच. मी त्यास सांगितले की जिवंतांना तारीख लागते. नियमाप्रमाणे प्रत प्रमाणित झाली की मूळ कागद अधीक्षकांकडे जातो. तसा तो गेला.

डॉक्टरसाहेबांस जेवताना ही गंमत सांगितली. ते मनापासून हसले. म्हणाले की मला पहिल्यापासून कामे आगाऊ उरकण्याची खोड. अजूनही जावयाचे अहवाल मीच आदल्या दिवशी लिहून ठेवतो.

८ मार्च
कोटाचे अस्तर उसवले होते, म्हणून कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई त्या मुलीच्या आई निघाल्या. मी कोण हे कळताच त्यांनी मशीन थांबवले. म्हणाल्या की बाबा, तुम्ही मोठे शिकलेले, एवढे तरी नीट लिहा: अकरा तारखेला संध्याकाळी सहा वाजता पोरगी याच उंबऱ्यात उभी होती. शाळेच्या झग्याची शिलाई सरळ आली नाही म्हणून आईला नावे ठेवत होती. 'तुझ्यापेक्षा आंधळी बरी शिवेल' हे तिचे आईशी शेवटचे बोलणे. मुलगा बाहेर सायकलची घंटी वाजवीत घाई करीत होता.

सहा वाजता जिवंत. अहवाल दुपारी तीनचा.

कोट बाईंकडे ठेवला; बाराला पाच वाजता घरी आणून देते, असे त्या म्हणाल्या. घरी येऊन सहा तारखेची नोंद पुन्हा वाचली. ती चूक नव्हती. त्या अहवालात खरे एवढेच होते, आणि तेच मी माझ्या हाताने पुसले.

९ मार्च
अधीक्षकांकडे मूळ कागद मागितला. म्हणाले की तो काल कागद कातरण्याच्या यंत्रात घालून नष्ट केला. तुमची सही होतीच की. मी रागाने बोलून गेलो की हरकत नाही, मूळ तारीख माझ्या रोजनिशीत नोंदलेली आहे, चौकशीत मी ती वाचून दाखवीन.

हे बोलायला नको होते. सत्तरी ओलांडली, तरी आपले बरोबर आहे हे चारचौघांत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

१० मार्च
डॉक्टरसाहेबांनी सकाळी आपणहून माझी प्रकृती तपासली. रक्तदाब, उंची, वजन. डाव्या गुडघ्यावरची जुनी खूण पाहिली. कवटीमागे बोटे फिरवली, सावकाश, शिंप्याने माप घ्यावे तशी. जिना उतरताना जपा, असे दोनदा म्हणाले. जाताना माझी शाईची दौत मागून नेली.

११ मार्च
दौत आणावयास त्यांच्या खोलीत गेलो. ते बागेत होते. मेजावर अहवाल. शाई माझीच.

पुरुष, वय ७१. उंची, वजन — तंतोतंत. 'उजव्या गुडघ्यावर जुना व्रण.' डाव्या! माझा हात खिशातल्या लेखणीकडे गेला. मग पुढची ओळ वाचली. 'जिन्यावरून पडून कवटीस मार. अपघात.' तारीख ११ मार्च.

या वेळीही त्यांनी लिहिण्याच्या दिवसाचीच तारीख घातली आहे.

बाहेरच्या दाराला कुलूप आहे. म्हणतात, चोरांचा सुळसुळाट झाला आहे. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी. जिना एकच —

१२ मार्च
बाई पाच वाजता कोट घेऊन येणार. वरच्या सज्जातून बोलता येते, पण मदतीसाठी ओरडलो तर कोणी येण्याआधी डॉक्टरसाहेब वर पोहोचतील. दोरीने कोट वर घेईन, अस्तर पुन्हा उसवले म्हणून परत सोडीन. आतल्या खिशात ही वही. माझ्या चुकीची भरपाई एवढीच —

चार वाजले. ते जिन्याखाली येऊन बसले आहेत. चहाला बोलावतात. मी सज्जात येऊन बसलो आहे.

बाई आल्या. कोट वर आला. खालून म्हणतात की बाबा, टाके मोजून घ्या, नंतर कुरकुर नको. अगदी लेकीसारखे —

पायरी वाजली. जे महत्त्वाचे तेवढे लिहितो. तारखा अशा वाचाव्यात:

मुले जिवंत पाहिली — ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६.
पहिला अहवाल लिहिला — ११ ऑक्टोबर, दुपारी ३. माझ्या प्रतीत १२ आहे. ती चूक माझी.
मृतदेह सापडले — १२ ऑक्टोबर, सकाळी ७.
मूळ अहवाल नष्ट केला — ८ मार्च.
माझा अहवाल लिहिला — ११ मार्च.
मी जिवंत होतो — १२ मार्च, सायंकाळी पाच वाजून सहा, नाही, सात मि