टोपलीखालचं पिल्लू

प्रिय वनिता,

काल सकाळी ढाबेवाला जाळीचा खोका घेऊन दारात उभा राहिला आणि मी त्याला सांगितलं, की सगळे बटेर मेले. मी खोटं बोलले! म्हणून हे पत्र. हे दुसऱ्या कुणाला सांगण्याजोगं नाही.

माझं वाक्य पुरं होतं न होतं तोच मागच्या खोलीतून तुझे नर ओरडायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, मेलेले लय जोरात बोलून राह्यले."

"शेजारचे आहेत," म्हटलं आणि दार लावलं.

काय गं, त्याला बटेर विकण्याचा शब्द तू द्यायचा आणि पाळायचा मी?

तू गेलीस ती मागच्या खोलीतच, खाटेवर, बल्ब लावलेल्या पेटीत अंडी उबत असताना. लोक आले, गेले. मला रडू आलं नाही. अजूनही नाही. तुझा भाऊ गेला तेव्हा तू माझ्या वाटचंही रडली होतीस आणि वर म्हणाली होतीस, "वयनी, तुमी उकडलेल्या अंड्यावानी हाय. आतून बी टणक." आता माझ्या वाटचं कोण रडणार?

सिंदी रेल्वे गावच्या काकू सुतकभर राहायला आल्या. "मयताच्या घरात जनम कायले पाह्यजे? बंद कर तो लाईट," म्हणाल्या. मी ऐकलं नाही. तू प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली होतीस. फुली वर आहे की खाली, ते पाहून मी अंडी फिरवत राहिले. मायेने नव्हे, अर्धं टाकलेलं काम मला पाहवत नाही, एवढंच. शेवटी शेवटी फिरवणं थांबवलं. "आता हात नका लावू वो, ते बाहीर निघाची तयारी करून राह्यले," असं तू दरवेळी दटावायचीस.

पिल्लं निघाली. भुंग्याएवढी, पाठीवर पट्टे. खोक्यात तरट अंथरलं, कागदावर त्यांचे पाय फाकतात. पाण्याच्या बशीत खडे टाकले, नाहीतर ती बशीतसुद्धा बुडून मरतात. मी ऐकत नाही असंच तुला वाटायचं ना?

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी तुझ्या खाटेच्या जागी पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला, वर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला तू गेलीस म्हणायचं. माझी बी.एस्सी. मी अशा वेळी मिटून ठेवते.

सकाळी टोपली उचलली. दिव्याला खेटून एक पिल्लू बसलेलं, पिठाने माखलेलं. सगळीकडे बारीक पावलं.

"वनिता आली वो माय!" काकूंनी हात जोडले.

"काकू, ते खोक्यातलं पिल्लू आहे. पहाटे वीज गेली, ते उबेला आलं. टोपलीची कड फुटकी आहे, बघा."

"मंग मी काय म्हणून राह्यली? खोक्यातूनच येईन ना. तुह्या घरी काय हत्ती येईन?"

दहाव्याला जमलेल्या बायका हसल्या. सुतकात! तुला आवडलं असतं.

मी ते पिल्लू उचललं, पीठ झटकलं आणि इतरांत सोडून दिलं. तिथेच चुकलं. पायाला दोरा बांधायला हवा होता. आता सगळे मोठे झाले. नर-मादी तेवढं कळतं, बाकी सगळे एकसारखे. त्यातलं ते कोणतं, मला ओळखू येत नाही. माझा त्या पिठावर विश्वास नाही, वनिता, अजिबात नाही! पण ढाबेवाल्याने खोका पुढे केला तेव्हा मनात आलं, आधी कोणता देऊ? एकही देववेना. आणि घरात ठेवावेत तर दाणे टाकताना रोज मी एकेकाच्या तोंडाकडे बघत बसते. हे शोभत नाही मला.

आज केळझरहून तुझी मैत्रीण सुमन आली. तिला म्हटलं, "घेऊन जा. अंडी खा, विक. पण कापायचे नाहीत."

"एक बी नाई?"

"एकही नाही."

"वयनी, तुमाले ते पिठाचं खरं वाटते?"

"नाही."

"मंग काऊन?"

मी उरलेल्या दाण्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

उद्या ढाबेवाल्याकडे जाऊन खरं काय ते सांगेन. केळझरला जात जाईन, पाखरं नीट आहेत की नाहीत ते पाहायला. रडण्याचं मात्र कबूल करत नाही.

तुझी,
वहिनी

सुमनच्या हवाली केलं ते: सगळे बटेर, थर्माकोलची पेटी, बल्ब, तरट, खडे घातलेली बशी, उरलेले दाणे. फुटक्या कडेची टोपली दिली नाही.