अळणी

ताडकळस
२८ एप्रिल १९७९

प्रिय नागनाथ,

सप्रेम जयभीम. माझ्या हातचं पत्र बघून दचकू नको. सुट्टी लागताच तू वालूरला सासुरवाडीला गेलास, म्हणून लिहायलेय. तूच तर शिकवलंस. विहारातल्या प्रौढवर्गात माझ्या हातात पाटी दिलीस तवा हसला होतास, अक्का काय शिकणार म्हणून. जोडाक्षरं चुकतील, पण बोलते तसंच लिहिते. आठ दिवस लागले. जवारी औंदा बरी झाली. आपली सरजा तिसरीत पहिली आली. तिच्या बापानं बघायला पायजे होतं.

तुझ्या दाजींना कावीळ झाली त्याला चार वर्षं झाली. परभणीच्या दवाखान्यात आमी तेरा दिवस काढले. उलट्या होऊन होऊन माणसाचं चिपाड झालं होतं. डॉक्टरनं रक्त तपासायला धाडलं आन मग मला चिठ्ठी लिहून दिली. मी पळत यष्टी स्टँडवर तुझ्याकडं आले. दाजींना भेटून तू गावाकडं निघाला होतास, तुझी गाडी सुटायली होती. एक पाय पायरीवर ठेवून तू चिठ्ठीवर नजर टाकलीस आन म्हणलास, मीठ कमी लिहिलंय अक्का, मीठ बंद कर. काविळीला अळणीच देतात, म्हणून मलाबी खरं वाटलं. चिठ्ठी मी दाजींच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पाच दिवस मी त्यांना मिठाचा खडा दिसू दिला न्हाई. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा लिंबाच्या फोडीला मीठ लावून चोखायचा, हे टक लावून बघत राहायचे. एकदा त्याच्याकडून चिमटीभर मागून घेतलं. मी हातावर फटका मारला. फरशीवर सांडलेलं बोटानं टिपायला लागले, तर मी ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी बरळायला लागले, मला ओळखेनात. सहाव्या दिवशी गेले. माझं चांगलं पथ्य पाळणं बघून नर्सबाई शाबास म्हणली होती रे.

तू आलास ते मयताच्या तोंडावरची चादर न काढता आधी इचारलंस, चिठ्ठी कुठं हाय? तीनदा इचारलंस. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हरवली म्हणले. मग मयतीनंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या भावकीसमोर सांगितलंस, चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती, अक्कानं आपल्याच डोक्यानं अळणी घातलं, अडाणी हाय, तिला काय कळतंय. तवापासून सासू माझ्या हातचं खात न्हाई. सरजा भांडली की म्हणती, तूच मारलंस बाबाला. मी ऐकून घेते. मला वाटायचं, मीच काही चुकीचं ऐकलं असंल. माझा भाऊ कशाला खोटं बोलंल?

गेल्या महिन्यात वाकळ शिवायला त्यांचा सदरा उसवला. खिशात चिठ्ठी निघाली. अक्षर न् अक्षर बोटाखाली धरून वाचलं. रक्तात मीठ फार कमी. जेवणात मीठ वाढवा. मीठ-साखरेचं पाणी वरचेवर द्या. खाली डॉक्टरची सही, तारीख. तू पयली ओळ वाचलीस आन गाडीत बसलास. गाडीच्या घाईत चुकलास, ते मी पोटात घातलं असतं. पण तुला नंतर कळलं होतं, नागनाथ. म्हणून तर तीनदा इचारलंस.

बुद्धपौर्णिमेला विहारात तुझा सत्कार हाय. तालुक्याचे साहेब येणार, आन तुझ्या वर्गातली हुशार बाई म्हणून मला उभं राहून वाचून दाखवायचंय. तू निवडून दिलेला धडा मी वाचणार न्हाई. चिठ्ठी वाचणार. मग ती यष्टीच्या पायरीवर कुणी वाचली, तेबी सांगणार. सासूला आन सरजाला पुढं बसवणार हाय. आधी कळवते ते एवढ्यासाठी की तू मला माघारी बोलला न्हाईस, तोंडावर बोललास, तर मीबी तुझ्या तोंडावरच बोलावं. येच. न्हाई आलास तरी वाचणार. त्या दिवशी जेवायला माझ्याकडंच ये. अळणी करते.

तुझीच अडाणी अक्का,
चतुरा